बोलेरोचा आवाज आणि सोळा हजारांचा हप्ता

प्रश्न: मी ओतूरला माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझ्या बोलेरोची पासिंग जून 2012 ची, 1 लाख 80 हजार किलोमीटर झालेत. दिवाळीपासून मागून घूंऽऽ असा आवाज येतो, पन्नासच्या पुढे जास्त. सर्व्हिस सेंटरवाले अख्खा डिफरन्शियल (इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना देणारी पेटी) बदला म्हणतात, 52,000. नारायणगावचा मिस्त्री क्राउन-पिनियनचा, म्हणजे तिच्या आतल्या दोन दातेरी चाकांचा सेट आणि बेअरिंगं टाकून 24,000 सांगतो. भंगारातलं हाउसिंग (आतल्या दातेरी चाकांसकट अख्खी पेटी) 15,000 ला मिळतंय. शोरूमवाला जुनी गाडी आवाजासकट 1,75,000 ला घेतो. आवाज नसता तर 1,90,000 दिले असते म्हणाला. नवी गाडी ऑन-रोड 10,75,000. लाखभर शिल्लक आहे, उरलेले 8 लाख बँक साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी देते. पगार हातात 62,000, घराचा हप्ता 14,500, मुलगी यंदा अकरावीला. काय करू? विम्यातून काही मिळेल का?

उत्तर: नमस्कार सर. विम्याचं आधी उरकतो. झिजेचा खर्च विम्यात बसत नाही. अपघातात हाउसिंग फुटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आता एक बोलू का? तुमच्या पत्रात आवाजाबद्दल दोनच ओळी आहेत. नव्या गाडीबद्दल मात्र अख्खं पान होतं (ते इथे छापताना मी कापलं), रंगसुद्धा ठरलाय. गाडी घ्यावीशी वाटणं यात गैर काही नाही, पण मग डिफरन्शियलला निमित्त करू नका. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं होईल. त्यात हे औषध दहा लाखांचं.

मुळात रोग कुठला, हेच अजून कुणी पाहिलेलं नाही. तिघांनी तीन भाव सांगितले, पण हाउसिंग उघडलं कुणीच नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत असाच आवाज होता. एका गॅरेजने बेअरिंगं बदलली, 9,000 घेतले, आवाज तसाच. शेवटी एका टायरवाल्याने नुसता हात फिरवून सांगितलं, मागचे टायर खाल्लेत, दातेरी झालेत. पुढचे टायर मागे टाकले आणि आवाज पुढे आला! तुम्हीही ही अदलाबदल आधी करून बघा, फुकट आहे.

आवाज मागेच राहिला तर मोकळ्या रस्त्यावर कान द्या. रेस दिली की वाढतो आणि पाय उचलला की बदलतो किंवा गळतो, तर क्राउन-पिनियनच्या दातांवर संशय. रेस असो-नसो सारखीच घरघर, वळणावर कमीजास्त होते, तर चाकाचं बेअरिंग असू शकतं, आणि ते काम बरंच स्वस्त. रिव्हर्स टाकताना खट्ट वाजतं, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे सांधे) आधी हलवून बघायला सांगा. मग हाउसिंगचं ऑइल काढा. नवीन ऑइल आणि मजुरी धरून हजार-बाराशेचं काम. पिनियनच्या सीलमधून गळून ऑइल कमी झालं असेल तर तेही तिथेच कळेल.

त्यानंतर 24,000 चा प्रश्न. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, कारण दोघं एकमेकांवर घासून बसलेले असतात. दात खाल्ले असतील तर नुसती बेअरिंगं टाकून आवाज जाईलच असं नाही. आणि बसवताना दातांमधली फट शिमने (पातळ चकत्यांनी) नीट जुळवली नाही तर नवा सेटही ओरडतो. म्हणून मिस्त्रीला एकच विचारा: बसवल्यावर आवाज आला तर पुन्हा फुकट खोलणार का? तो कागदावर लिहून देत असेल तर 24,000 रास्त. भंगारातल्या 15,000 च्या मागे मी लागणार नाही. त्याच्या दातांचा हिशोब (क्राउन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) तुमच्या गाडीशी जुळतो का ते बघावं लागेल, आणि ते किती चाललंय हे विकणाराही सांगू शकत नाही. 52,000 वाला पर्याय वॉरंटी लेखी मिळाली तरच बोलायचा. पावणेदोन लाखांच्या गाडीत तो मला जड वाटतो.

आता हप्ता. 8 लाखांचा महिन्याला 16,800. पाच वर्षांत बँकेला 10,08,000 जातील, म्हणजे व्याजच दोन लाखांच्या वर. घराच्या हप्त्यासकट 31,300, पगाराचा निम्मा. शिल्लक लाख डाउन पेमेंटला गेले की हातात शून्य, आणि दोन वर्षांनी मुलीची कॉलेजची फी, कदाचित पुण्यात हॉस्टेल. त्या जूनमध्ये तुम्ही पर्सनल लोन काढाल. अशी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात.

दुसऱ्या बाजूला, 24,000 खर्चून गाडी फक्त दोन वर्षं चालली तरी महिन्याला हजार रुपये. मधे जून 2027 मध्ये पंधरा वर्षं भरतात, रिपासिंग येईल. 2022 पासून मोटारीची ती फी 600 वरून 5,000 झाली, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेसआधीची किरकोळ कामं. 20,000 धरून ठेवा. सगळं मिळून 44,000. नव्या गाडीचे तीन हप्तेही होत नाहीत.

माझा कौल दुरुस्तीला, पण एका अटीवर. गाडी लिफ्टवर असतानाच चेसिस, स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं आणि इंजिन बघून घ्या. चेसिस गंजून पोखरलं असेल किंवा इंजिन धूर टाकत असेल तर एक रुपयाही घालू नका, आहे तशी विका. दुरुस्त करून विकायचा विचार करूच नका: 24,000 घालून 15,000 वाढवून मिळणार. आणि घेणाऱ्याला आवाज सांगून विका.

दुरुस्ती केलीत तर त्याच महिन्यापासून 10,000 ची आरडी सुरू करा. दोन वर्षांत अडीच लाखांच्या वर जमतील. तेव्हा नवी गाडी घेतलीत तर, किंमत थोडी वाढली धरली तरी, कर्ज सहा लाखांच्या आसपास आणि हप्ता साडेबारा हजार. आरडी चार महिन्यांतच मोडावी लागली, तर सोळा हजारांचा हप्ता कसा भरला असता ते बाईंना विचारा. घरचा हिशोब त्याच ठेवतात असं तुम्हीच लिहिलंय.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. दर पंधरवड्याला माळशेज उतरून कल्याणला जाता ना? नुसती घूं कधीकधी हजारो किलोमीटर तशीच चालते. पण पिनियनचं बेअरिंग आवळून बसलं तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होतात, आणि घाटात ते नको. तपासणी होईपर्यंत एसटीने जा.

ऑइल काढताना स्वतः उभे राहा. पांढऱ्या फडक्यातून गाळायला लावा आणि लोहचुंबक फिरवा. बोटाला शाईसारखी करडी पेस्ट लागली तर ती वयाची झीज. टोचणारे तुकडे निघाले तर फोटो काढून ठेवा आणि मला पाठवा, मग मिस्त्रीच्या 24,000 वर पुन्हा बोलू.