५२० फूट बोअर झाला, पाणी जेमतेम. गाडीवाला म्हणतो अजून १८० फूट मारू. थांबवावं की मारू द्यावं?

भाऊ, गाडी अजून शेतात उभी आहे म्हणता, म्हणून आधी उत्तर सांगतो: थांबवा. कारणं पुढे देतो, म्हणजे गाडीवाल्याला आणि घरच्यांना सांगायला सोपं जाईल.

तुम्ही दिलेली माहिती अशी: वरुडकडे दोन एकर संत्रा, ६x६ मीटरवर साधारण २२० झाडं, बोअर साडेसहा इंची. ४१० फुटांवर ओल लागली, पाणी व्ही-नॉचवर (पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेच्या पत्र्यावर) जेमतेम एक इंच. त्यानंतर ११० फूट नुसती काळी-राखाडी भुकटी. भाव ३०० फुटांपर्यंत फुटाला १०० रुपये, पुढे शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यांना फुटाला ११५, १३०, १५०, १७०. म्हणजे आतापर्यंत ५७,५०० रुपये गेले, केसिंग, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, वेगळं. पुढच्या १८० फुटांना २९,००० लागतील.

ते ५७,५०० आता हिशेबात धरूच नका. थांबलात तरी ते गेले, मारलं तरी गेले. प्रश्न एवढाच की आज खिशात असलेले २९ हजार या भोकात टाकायचे की दुसरीकडे. "एवढे लावलेच आहेत तर" हे वाक्य बोअरच्या गाडीजवळ जेवढं ऐकू येतं तेवढं कुठेच येत नसेल.

आता जमीन काय म्हणते ते पाहू. तुमच्याकडे बेसाल्ट, म्हणजे थरावर थर. प्रत्येक थराचा वरचा भाग मांजऱ्या, भोकाभोकांचा, आणि खालचा काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी लाल माती. पाणी सापडतं ते मुरमात, मांजऱ्यात, थरांच्या सांध्यात आणि चिरांमध्ये. काळ्या पाषाणाच्या अंगात पाणी नसतं. जसजसं खोल जाल तसतशा वरच्या वजनानं चिरा मिटत जातात. वरुड-मोर्शीत ८००-१००० फुटांचे बोअर आहेत आणि काहींना पाणीही लागलं, हे खरं. पण ते लागलं म्हणजे टिकलं असं नाही. तिथे पाणी भरण्यापेक्षा उपसा जास्त आहे. खोलचं पाणी सावकाश भरतं आणि शेजारच्यानं आणखी खोल मारला की तुमचा आटतो.

पुढे जाण्यात अर्थ केव्हा असतो? भुकटीचा रंग बदलून तांबूस-चॉकलेटी झाला, त्यात पांढरे कण दिसू लागले, रॉड आधीच्या निम्म्या वेळात उतरला, किंवा भुकटी उडायची थांबून लगदा यायला लागला, तर. असं काही आत्ता, याच रॉडला दिसत असेल, तर दोन रॉड, म्हणजे चाळीस फूट, आणखी जाऊ द्या आणि तिथे थांबा. तुमच्याकडे ओल लागल्यानंतर पाच-साडेपाच रॉड झाले, तरी यातलं काहीच नाही. लाल माती लागली तर वेगळीच भीती. ती ओली झाली की फुगते, ढासळते, खडक फोडणारा हॅमर आत अडकतो. मग हॅमरचे पैसे कोणाचे यावरून भांडण. हे आधी ठरवलं नसेल, तर तेही थांबायचंच कारण समजा.

गाडीवाले दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली: "बघा, पाणी वाढलं." रॉड जोडताना कॉम्प्रेसर बंद असतो, तेवढ्यात भोकात पाणी जमतं आणि हवा सोडली की जोराचा फवारा उडतो. तो पाहून निर्णय घेऊ नका. हवा सलग वीस-तीस मिनिटं चालू ठेवायला लावा, बोअरभोवती नाली करून पाणी एका जागी काढा आणि २० लिटरची कॅन भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. अडीच मिनिटं लागली तर मिनिटाला ८ लिटर, तासाला ४८०. काटकोनी व्ही-नॉचचा एक इंच म्हणजे हेच. दोन इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नाही, पावणेसहा पट भरतं, साधारण २,७५० लिटर. म्हणून "एक-दीड इंच" असं मोघम ऐकून घेऊ नका.

दुसरी गोष्ट: "पाणी नाही लागलं तरी खाली साठा होईल." साडेसहा इंची भोकात एका फुटाला साडेसहा लिटर मावतात. १८० फुटांत ११७० लिटर. २९ हजार देऊन ११७० लिटरची टाकी, तीही ७०० फूट खाली!

आणि समजा खाली पाणी लागलंच. पाच एचपीची मोटर २०० फुटांवरून तासाला दहा हजारांच्या आसपास लिटर काढते, तर ६०० फुटांवरून साधारण ३,४००. तेही व्होल्टेज पूर्ण असेल तर. आपल्याकडे शेताच्या लाइनीला ते किती असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. लांब केबलमध्ये ते आणखी पडतं आणि मोटर जळते. पाइप आणि जाड केबलचा खर्च २९ हजारांत धरलेलाच नाही.

आणखी एक. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या, खाली गेलेली विहीर किंवा बोअर 'खोल विहीर' ठरते आणि अधिसूचित (सरकारनं जाहीर केलेल्या) क्षेत्रात शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. खरं तर हे पहिल्या रॉडच्या आधीच विचारायचं असतं.

आता आहे त्या पाण्याचं काय? गाडी गेल्यावर रात्रभर बोअरला हात लावू नका. सकाळी दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. मग भाड्याची मोटर लावून पातळी खाली न्या, बंद करा आणि तासाभरानं पुन्हा मोजा. तासाला सत्तर-पंचाहत्तर फूट चढलं तर ४८० लिटरचा आकडा खरा. वीसच फूट चढलं तर बोअर १३० लिटरचाच आहे, काल दिसला तो फवारा होता. ४८० खरा धरला आणि पाणी १५० फुटांपर्यंत वर आलं, तर भोकातला साठा साधारण २,४०० लिटर, अधिक शेताची लाइन असते त्या आठ तासांत झिरपून येणारे ३,८००. दिवसाला सहा हजार. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकनं १२० लिटर धरा, म्हणजे पन्नास झाडांचं पाणी. २२० झाडं यावर जगणार नाहीत, हे आजच मान्य केलेलं बरं. म्हणून ते २९ हजार आच्छादनाला लावा, किंवा जुनी विहीर असेल तर तिच्यात मुरूम आणि पाषाणाच्या सांध्यावर आडवे बोअर घ्या.

खारपाणपट्ट्यातले कोणी, म्हणजे दर्यापूर, तेल्हारा वगैरे भागातले, हे वाचत असतील तर त्यांचा हिशेब उलटा आहे. तिथे पाणी लागतं, पण पूर्णा नदीच्या गाळात खोल जाल तसं खारं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, खिशात ठेवा. १,००० च्या वर आकडा गेला की कितीही पाणी असो, काळ्या जमिनीत संत्र्याला ते देऊ नका.

शेवटी एक बघा. बोअर फेल ठरला तर गाडीवाला केसिंग उपटून न्यायला बघेल. नेऊ देऊ नका. केसिंग काढलं की वरची माती ढासळून तोंड रुंदावतं आणि उघड्या बोअरमध्ये पोरं पडतात ती अशाच ठिकाणी. सोडूनच द्यायचा असेल तर तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडांनी भरा. ठेवायचा असेल तर तोंडावर लोखंडी झाकण वेल्ड करा. पुनर्भरणाला वापरायचा असेल तर केसिंगभोवती दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, खड्ड्यातल्या पाइपला भोकं पाडून नायलॉन जाळी गुंडाळा आणि खाली मोठे दगड, वर गिट्टी, सगळ्यात वर रेती भरा. छपराचं किंवा गवताळ बांधावरचं पाणी त्यात सोडा. फवारणी झालेल्या वावरातलं नको, ते थेट भूजलात जाईल.