मनात नव्हतं, तोंडातून निघून गेलं

"मॅडम, माझ्या मनात तसं काही नसतं हो, तोंडातून निघून जातं." मी समुपदेशन करते, आणि नागपूरच्या सदरमधल्या माझ्या छोट्याशा खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं "माझ्या मनात" एवढं म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तर जास्तच. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, आणि बरेच जण ठरवतात की हे ४० दिवस घरात वाकडं बोलायचं नाही. राखेच्या बुधवारी लेंट सुरू होतो, तिथून आठवडाभर जमतं, मग नागपूरचं ऊन चढायला लागतं, कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून ठिणगी पडते आणि गुड फ्रायडेच्या आधीच माणूस माझ्यासमोर बसून म्हणतो, जिभेवर कंट्रोलच राहत नाही, काहीतरी टेक्निक सांगा.

टेक्निक आहेत. दहा आकडे मोजा, पाणी प्या, दुसऱ्या खोलीत जा. मी पण सांगते, भडका उडायच्या वेळी उपयोग होतो. पण त्यानं माणूस बदलतो यावर माझा फारसा विश्वास नाही. बायबलमध्ये याकोबानं आपल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात लिहूनच ठेवलंय की पशू, पक्षी सगळे माणसाला वश झाले पण जीभ काही कोणाला वश होत नाही. आणि प्रभु येशू तर जिभेपाशी थांबतच नाही, थेट आत जातो, अंतःकरणात जे भरून गेलंय तेच तोंडावाटे निघणार (लूक ६:४५). त्याच्या आदल्याच वचनात काटेरी झाडावरून अंजीर कोणी काढत नाही असं आहे, आमच्या काटोल-नरखेडकडचा माणूस म्हणेल बाभळीला संत्री लागत नाहीत. म्हणजे "मनात नव्हतं" हे काही टिकत नाही, कुठून तरी आलंच ना ते.

हे सांगितलं की लोक घाबरतात. म्हणजे मी माझ्याच लेकराचा द्वेष करतो का? तर नाही, आणि इथेच गडबड होते. बोललेलं वाक्य आत काहीतरी भरलंय हे दाखवतं, पण काय भरलंय ते वरवर ऐकून कळत नाही. एका घरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायची परवानगी त्यांनी स्वतः दिली.

गृहस्थ नुकतेच रिटायर झालेले, आयुष्य सरकारी ऑफिसात अकाउंट्समध्ये गेलं. चर्चच्या मंडळीत मान मोठा, पाळकसाहेब गावाला गेले की उपासना हेच चालवणार, प्रार्थना अशी करतात की बायका पदरानं डोळे पुसतात. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, दुसऱ्यांदा राहिली. त्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर हे बोलले, "तुझ्यावर घातलेले पैसे बँकेत टाकले असते तर आज दुप्पट झाले असते." पोरगी ताटावरून उठली आणि जरीपटक्याला मावशीकडे निघून गेली, ती परत आलीच नाही.

बायको त्यांना घेऊन आली. "बाहेर भलते गोड बोलतात मॅडम. घरी आले की बाप्पा, विचारू नका."

"माझ्या मनात तसं..." यांनी सुरू केलं.

मी वाद घातला नाही. ताईंना एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी येईपर्यंत लागलेलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं लिहून आणा, स्वतःचं मत एक अक्षर नको. त्या गॅस एजन्सीच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेऊन आल्या. लाइटचं बिल कोण भरून राहिलं? तुझ्या दवाखान्यात किती गेले माहीत आहे का? भावाला मी दिले, त्यानं मला काय दिलं? या घरात कमावणारा एकच होता. दूध एवढं काहून लागते, तीन माणसं पण नाही घरात!

मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. "भाऊ, यात शिवी कुठे दिसते का?"

"नाही ना. मी शिवी देतच नाही."

"मग काय दिसतं?"

त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, ऑडिटची फाईल पाहावी तसं वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "सगळे पैसेच आहेत. एंट्र्या आहेत."

"कोणाच्या नावावर?"

"सगळ्यांच्या."

"तुमच्या नावावर कोणी अशा एंट्र्या काढल्या होत्या का कधी?"

यानंतरच्या बऱ्याच सेशनचं थोडक्यात सांगते. वडील लहानपणीच गेले, शिक्षण काकांकडे राहून झालं, आणि पाहुणे आले की काका यांच्या फीचा आकडा त्यांना ऐकवायचे, पाहुण्यांसमोरच! "दुसरी पोळी घ्यायची का नाही, हे मी काकांच्या तोंडाकडे पाहून ठरवायचो मॅडम." नोकरी लागल्यावर यांनी पैसा न् पैसा परत केला, तरी काका मरेपर्यंत सांगत राहिले. आता माझ्यासमोर पेन्शन घेणारा माणूस बसला होता पण बोलत होतं ते पोळ्या मोजणारं पोरगं. पोरीचा राग नव्हताच त्यात. भीती होती, की कोणी खर्च केला म्हणजे आपण देणेकरी, आणि फेडलं नाही तर ताटावर बसायचा हक्क नाही. तेच पोरीला ऐकवलं, आणि ती खरंच ताटावरून उठली.

माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण सांगते, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही कोणी, ऐकून ऐकून कळलंय, माणूस रागात जे बोलतो ते बहुतेक वेळा त्याला कधीतरी ऐकवलेलं असतं.

पण कारण सापडलं म्हणजे सुटलं असं नसतं. बरेच जण इथेच थांबतात, माझं बालपण असं म्हणून मी असा, आणि घरच्यांनी ते सोसत बसायचं. म्हणून मी त्यांना मत्तय १८ काढायला लावला, ज्या चाकराचं कर्ज राजा सोडतो आणि तोच बाहेर जाऊन सोबतीच्या चाकराला थोड्या कर्जासाठी धरतो तो दाखला. हसले, म्हणे यावर मी स्वतः बोललोय चर्चमध्ये. म्हटलं बोललात ना, आता मोबाईल काढा आणि हिशोब करा. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या मजुरांवरून कळतंच. तलंत म्हणजे साधारण ६,००० दिनार. आपल्या ठिय्यावरची रोजी आपण ६०० धरू.

सोबतीच्या चाकराकडे होते १०० दिनार. ६०,००० रुपये. "कमी नाही हे," ते म्हणाले, आणि बरोबर बोलले, सव्वातीन महिन्यांची रोजी आहे ती. घरातली माणसं आपलं जे देणं लागतात ते खोटं नसतं, ते काही नाहीच असं मी कोणाला सांगत नाही. मग राजाचं कर्ज. १०,००० तलंत, म्हणजे ६ कोटी दिनार, गुणिले ६००. अकाउंट्सवाला माणूस, दोनदा टोटल मारल्याशिवाय मानणार नाही. ३,६०० कोटी.

ते आकड्याकडे पाहत राहिले, मग पुन्हा बायबलकडे. "पण हा तर म्हणते मला वेळ द्या, मी सगळं फेडतो. कुठून फेडणार होता हा?" थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, याला माफी समजलीच नाही. याला वाटलं मुदत मिळाली. म्हणूनच बाहेर जाऊन त्यानं दुसऱ्याचा गळा धरला. वसुली करून राहिला होता तो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवता येणं हेच आमच्या कामातलं अर्धं कौशल्य, आणि ते मला येतं हे सांगायला हरकत नाही. ताई शेजारी रडत होत्या. ते म्हणाले, "मी पण मुदतीवरच जगून राहिलो वाटते." त्या कागदावर मला जे दिसलं होतं त्याच्या पुढचं त्यांनी स्वतः वाचलं होतं.

आता तुम्ही पण हेच वाक्य म्हणणाऱ्यांपैकी असाल तर ऐका. घरातल्या ज्या माणसाला तुमचं बोलणं लागतं त्याला लिहून काढायला सांगा, तुम्ही लिहाल तर मऊ करून लिहाल. मग शिव्या शोधू नका, विषय शोधा, कोणाचं पैशाभोवती फिरतं, कोणाचं "मला कोणी विचारत नाही" भोवती, कोणाचं तुलनेभोवती. तो विषय घेऊन प्रार्थनेला बसा, "प्रभु माझी जीभ आवर" एवढ्यावर भागवू नका. आणि माफी मागताना "मला तसं म्हणायचं नव्हतं" हे बंद करा, ऐकणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, उलट आपलीच ऐकण्यात चूक झाली असं त्याला वाटतं. "ते माझ्यात होतं, ते तुझ्याबद्दल खरं नव्हतं, आणि तुला ऐकवलं हे चुकलं" एवढं म्हणा. जड जातं, जाऊ द्या.

आणि आत काय भरता तेही पाहा. गुड फ्रायडेला १२ ते ३ आपण येशूचे क्रूसावरचे सात उद्गार ऐकतो, त्यातले दोन सरळ बायबलमधल्या स्तोत्रांतले आहेत, "माझ्या देवा, माझ्या देवा" हे २२ व्या स्तोत्राचं आणि "तुझ्या हाती माझा आत्मा" हे ३१ व्या. खिळे ठोकलेले असताना माणूस आठवून आठवून बोलत नाही, जे मुरलेलं असतं तेच निघतं. म्हणून मी लोकांना रोज एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचायला लावते, भांडण नसताना, अगदी साध्या दिवशी.

सगळंच अंतःकरणावर ढकलायचं नाही हेही सांगते. शुगर कमी होणं, थायरॉइड, दारू, डिप्रेशन यांनीही माणूस चिडचिडा होतो, म्हणून मी काहींना आधी डॉक्टरकडे पाठवते. आणि बोलण्यासोबत हात उठत असेल तर वचनं शोधत बसू नका, आधी स्वतःला सुरक्षित करा, बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, लहान मुलांसाठी १०९८.

ते गृहस्थ जरीपटक्याला जाऊन पोरीशी बोलून आले. मी सांगितलं तसंच बोलले म्हणे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला आणि "बघू" म्हणाली. पुढच्या भेटीत हे थोडे फुगूनच आले.

"मॅडम, माफी मागून पंधरा दिवस झाले. ती अजून फोन काहून नाही करून राहिली?"

"भाऊ, ही कोणती एंट्री?"

ताईच आधी हसल्या, मग ते.