अ‍ॅक्सिलरेटरचं वीजबिल: बचत नेमकी कुठे होते?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं (अ‍ॅक्सिलरेटर) चालवणारी जिनिव्हाजवळची प्रयोगशाळा सर्न वर्षाला साधारण १.३ टेरावॅट-तास वीज वापरते, तर पुढच्या अ‍ॅक्सिलरेटरशेजारी सोलर पार्क उभारलं की भागणार नाही का? आणि एमएस्सी फिजिक्सनंतर या कामात शिरायचं तर कुठून?

सोलर जरूर लावावं. पण बीम (कणांचा झोत) रात्रीही चालतो, आणि वीज कुठूनही आणली तरी मशीनच ती उधळत असेल तर मूळ दुखणं तसंच राहतं. माझ्या मते खरी बचत दोन ठिकाणी आहे: बीमला दिलेली ऊर्जा परत मिळवणं आणि थंडाव्याचा खर्च उतरवणं.

साध्या लायनॅकमध्ये (सरळ रेषेतल्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये) काम झालेला बीम डंपमध्ये, म्हणजे तो शोषून घेणाऱ्या ठोकळ्यात, जातो आणि त्याची सगळी ऊर्जा उष्णता होऊन संपते. एनर्जी रिकव्हरी लायनॅकमध्ये तो वळवून पुन्हा त्याच कॅव्हिटीत (रेडिओलहरींनी कणांना ढकलणाऱ्या धातूच्या पोकळीत) आणतात, पण अर्धी तरंगलांबी मागे ठेवून. मग जे क्षेत्र आधी इलेक्ट्रॉनना पुढे ढकलत होतं तेच आता त्यांना रोखतं, त्यांची ऊर्जा कॅव्हिटीत परत येते आणि मागून येणारा ताजा बंच (इलेक्ट्रॉनचा पुंजका) ती घेऊन जातो. भौतिकशास्त्रज्ञ मॉरी टिग्नर यांनी ही कल्पना १९६५ सालीच मांडली होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या 'सीबीटा' या अशाच मशीनने २०१९ च्या अखेरीस बीम चार फेऱ्यांत १५० एमईव्हीपर्यंत (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं एकक) चढवून चार फेऱ्यांत खाली उतरवून दाखवला. तिथे चारही ऊर्जांचे बीम एकाच वळणमार्गावरून जातात आणि त्या मार्गावर कायमचुंबक आहेत, म्हणजे बीम वळवायलाही जवळपास वीज लागत नाही. फ्रान्समध्ये ओर्से इथल्या 'पर्ल' या अशाच मशीनचं उद्दिष्ट ५०० एमईव्ही आणि २० मिलिअँपिअर आहे. गुणाकार करून बघा, १० मेगावॅटचा बीम होतो! एवढी शक्ती दर क्षणी नव्याने पुरवायची म्हटलं तर असं मशीन कुणी बांधायलाच घेणार नाही.

आता एक बारकावा, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ऊर्जा परत मिळू लागली की आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) यंत्रणेची बरीचशी ताकद कॅव्हिटी सुरात, म्हणजे ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर, ठेवण्यातच जाते. १.३ गिगाहर्ट्झची नऊ सेलची (कप्प्यांची) नायोबियम या धातूची अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) कॅव्हिटी साधारण मीटरभर लांब असते. तिची लांबी एक मायक्रॉनने बदलली तर फ्रीक्वेन्सी सुमारे ३०० हर्ट्झ सरकते, आणि अशा मशीनमध्ये तिची बँडविड्थ (फ्रीक्वेन्सीतला चालणारा फरक) जेमतेम काही दहा हर्ट्झ असते. व्हॅक्यूम पंपाची थरथर, थंड ठेवणाऱ्या हेलियमच्या दाबातला किरकोळ चढउतार, एवढंही पुरतं. आजवर यावरचा नेहमीचा उपाय होता: गरजेपेक्षा कितीतरी मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा. २०२४ मध्ये सुरू झालेला युरोपचा 'आयसास' प्रकल्प फेरोइलेक्ट्रिक ट्यूनरवर काम करतोय. त्यात हलणारा भाग नाही. व्होल्टेज बदललं की पदार्थाची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला तो देतो तो प्रतिसाद) बदलते आणि कॅव्हिटी मायक्रोसेकंदांत जागेवर येते. मला हे सध्याचं सर्वात मोलाचं काम वाटतं.

थंडाव्याचं गणित सरळ आहे. अशी नायोबियमची अतिवाहक कॅव्हिटी सहसा २ केल्विनच्या आसपास, म्हणजे सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसला, ठेवावी लागते. २ केल्विनवरून एक वॅट उष्णता बाहेर काढायला बाहेर पाऊणशे नाही, पाऊण हजार ते हजार वॅट लागतात. ४.५ केल्विनला तेच काम अडीचशेच्या आसपास होतं. म्हणून नायोबियमवर नायोबियम-टिनचा पातळ थर चढवायची धडपड चालू आहे. त्याचं क्रांतिक तापमान (ज्याखाली पदार्थ अतिवाहक होतो ते) १८ केल्विन आहे, नायोबियमचं ९.२. अडचण अशी की हा थर ठिसूळ असतो, ट्यूनरने कॅव्हिटी जरा जास्त दाबली की तडे जातात. तांब्यावर असा थर चढवणं तर आणखी अवघड, पण तांबं उष्णता झटकन वाहून नेतं, त्यामुळे सगळ्यांचा डोळा तिकडेच आहे. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमधला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला) लायनॅक तांब्यावरच्या शिशाच्या थरावर ४.५ केल्विनला चालतो. फ्रीक्वेन्सी कमी असली की हे जमून जातं.

वाया जाणारी ऊब शहराला देणं हेही चांगलंच, स्वीडनमधल्या लुंडचं मॅक्स-फोर हे अ‍ॅक्सिलरेटर केंद्र ते करतं. पण तो शेवटचा टप्पा झाला.

करिअरचं म्हणाल तर थिन फिल्म आणि आरएफ यांपैकी एक धरा. सिम्युलेशन शिकणारे पुष्कळ आहेत, भट्टी, व्हॅक्यूम आणि पृष्ठभाग हाताळणारे फार कमी. इंदूरच्या आरआरकॅटमध्ये (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) सुपरकंडक्टिंग कॅव्हिटी बनवण्याची सोय आहे आणि तिथल्याच इंडस-२ या अ‍ॅक्सिलरेटरसाठी तिथे सॉलिड स्टेट आरएफ अ‍ॅम्प्लिफायरही तयार झाले आहेत. एमएस्सीचा प्रोजेक्ट तिथे मिळतो का, ते आधी बघा.