वाचकांचे प्रश्न : पहिले संकेतस्थळ कोणाला दाखवावे?

प्रश्न : आमच्या घरी कोल्हापुरी चपला करण्याचा व्यवसाय तीन पिढ्यांपासून आहे. आजवर आम्ही माल चप्पल लाइन या कोल्हापुरातील चपलांच्या बाजारपेठेतील दुकानदारांना देत होतो. थेट गिऱ्हाइकांना विकता यावे म्हणून यंदा प्रथमच मी तयार टेम्प्लेट वापरून संकेतस्थळ उभे केले आणि त्याचा दुवा नातेवाईक, मैत्रिणी व व्हॉट्सॲपवरील गटांना पाठवला. बहुतेकांनी ‘छान’ एवढेच कळवले. काहींनी रंग बदलायला सांगितले, चुलतभावाने ‘फक्त २ जोड शिल्लक’ अशी पट्टी फिरती ठेव असे सुचवले, काका भौगोलिक मानांकनाचे (जीआय) चिन्ह सर्वांत वर हवे म्हणतात, तर ओळखीच्या एका डिझायनरच्या मते सगळेच नव्याने करावे लागेल. लोक संकेतस्थळावर येतात, फोनवर चौकशाही पुष्कळ करतात. पण ऑर्डर मोजक्याच मिळतात. यांतील कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्यांना तुम्ही दुवा पाठवला, त्यांच्यापैकी बहुधा कोणीही त्या दिवशी चप्पल घ्यायला निघालेले नव्हते. ‘कसे वाटले?’ असे घरच्या माणसाला विचारले की तो आधी तुमचे मन राखतो आणि काही सुचवायचेच झाले तर रंगाविषयी सुचवतो, कारण रंगाविषयी मत देण्यासाठी काही ठाऊक असावे लागत नाही. म्हणून यापुढे मत मागू नका, काम द्या. कोल्हापुरी चप्पल विकत घेऊ शकतील, पण तुमचे संकेतस्थळ ज्यांनी पाहिलेले नाही अशी चार-पाच माणसे शोधा. त्यांतील एक-दोघे कोल्हापूरबाहेरचे आणि निदान एक जण पन्नाशीपुढचा असावा. प्रत्येकाला वेगवेगळे बसवून त्याच्याच फोनवर, वायफाय बंद ठेवून, एवढेच सांगा : ‘वडिलांसाठी रोजच्या वापराची चप्पल निवडा आणि पुण्याच्या पत्त्यावर मागवण्यासाठी पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा, मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा.’

यानंतरचा भाग सर्वांत अवघड आहे, तो म्हणजे तुम्ही गप्प बसणे. त्याला बटण सापडत नसेल तरी ते दाखवू नका, कारण खऱ्या गिऱ्हाइकाजवळ तुम्ही नसणार. बोट कोठे थबकले, कोणता मजकूर दोनदा वाचला, कोणत्या पानावरून मागे फिरला, हे त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. पाचच माणसे का, तर संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबानुसार पाच जणांच्या चाचणीत सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास अडचणी उघड होतात. हा हिशेब सरासरीचा आहे आणि त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. तथापि लहान व्यवसायाला त्यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की पाच जणांना पाहून दुरुस्ती करावी आणि मग दुसरे पाच बसवावेत. पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि केलेली दुरुस्ती लागू पडली की नाही हेही कळते.

तुमचा उत्तम अभिप्राय मात्र आधीच घरात येऊन पडलेला आहे आणि तो म्हणजे फोनवरच्या चौकशा. जो माणूस संकेतस्थळ पाहून फोन करतो, त्याला तेथे काहीतरी सापडलेले नसते. पुढचे काही दिवस प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझा कयास असा की निम्म्याहून अधिक प्रश्न मापाचे निघतील. दुकानात गिऱ्हाईक पाय घालून पाहते. येथे त्याला ‘८’ किंवा ‘४२’ एवढा आकडा दिसतो आणि हे आकडे प्रत्येक बनावटीत थोडे वेगळे बसतात. तेव्हा प्रत्येक मापासमोर टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी आणि कागदावर पाय ठेवून, पेन्सिलीने खूण करून ती कशी मोजायची हे दोन छायाचित्रांत दाखवावे. पाय रुंद असेल तर कोणते माप घ्यावे, हेही तेथेच सांगावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवी कोल्हापुरी पहिल्यांदा आवळते, वापराने कातडे सैलावते, तेल लावल्यास लवकर मऊ पडते आणि पावसात ती घालू नये, या ज्या गोष्टी तुमच्या वडिलांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगितल्या असतील, त्या खरेदीच्या बटणाजवळ लिहिल्या गेल्या पाहिजेत. पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते. चप्पल आवळली की माप चुकले असे समजून तो ती परत पाठवतो. माप बदलून देणार का, येण्याजाण्याचा कुरिअरखर्च कोणी सोसायचा आणि चप्पल मागणीनंतर करायची असल्यास किती दिवस लागतील, ही माहिती शेवटच्या पानाच्या तळाशी दडवू नये. छायाचित्रांबाबत एवढेच की केवळ वरून काढलेले चित्र पुरत नाही; तळ, बाजू, वेणी, कान (बाजूच्या पट्ट्या) आणि पायात घातलेली चप्पल हे सर्व दिसावे.

आता आलेल्या सूचनांविषयी. फिरत्या पट्टीची सूचना सरळ नाकारावी. खरोखर दोनच जोड असतील तर तसे लिहायला हरकत नाही, परंतु खोटी घाई दाखवून विकणे हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचनांमध्ये (डार्क पॅटर्न्स) धरले आहे. काकांची सूचना प्रेमाची आहे, पण तिचा संबंध सजावटीशी नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे खरे. मात्र ते नाव व चिन्ह अधिकृतपणे वापरण्यासाठी उत्पादकाने आपली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणी झालेली असेल तर चिन्ह अवश्य लावा, तेही चपलेच्या माहितीजवळ. नसेल तर आधी अर्ज करा.

रंगाच्या तक्रारीत तथ्य असू शकते, आणि ते आवडीनिवडीवर सोडण्याचे कारण नाही. चामड्याच्या व्यवसायात फिकट पार्श्वभूमीवर तपकिरी अक्षरे घेण्याचा मोह पडतो आणि ती उन्हात फोनवर वाचता येत नाहीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक लहान मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावा, असा सर्वांना वाचता यावे यासाठीचा आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष आहे आणि तो मोजून देणारी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. पाने उघडायला वेळ लागतो का, हेही गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येते. बहुतेक वेळा दोषी असतात ती कॅमेऱ्यातून काढून जशीच्या तशी चढवलेली छायाचित्रे.

राहिले डिझायनर. गिऱ्हाईक कोठे अडते हे न सांगता ‘सगळे नव्याने करा’ असे सांगणे हा अभिप्राय नसून कोटेशन आहे. तरीही जाणकाराचा उपयोग नाही असे नव्हे. चाचणीच्या नोंदी घेऊन त्यांच्याकडे जा आणि ‘पाचांपैकी तिघांना मापाचा तक्ता सापडला नाही, तो कोठे ठेवू?’ असे विचारा. एवढा नेमका प्रश्न असला की चांगला डिझायनर अर्ध्या तासात कामाचे बोलतो.

एक गोष्ट कोणीच सुचवलेली दिसत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ठळकपणे द्यावयाची असते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तुमच्या घरी ते काम तुम्हालाच पाहावे लागेल. अनोळखी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने खरा पत्ता आणि उचलला जाणारा फोन यांचे मोल कोणत्याही रंगसंगतीहून मोठे आहे.

प्रश्न : बेळगावातील आमच्या मिठाईच्या दुकानाचे संकेतस्थळ इंग्रजी आणि मराठीत आहे. मराठी मथळे ‘विस्कटलेले’ दिसतात असा अभिप्राय अनेकांनी दिला. पण संकेतस्थळ करणाऱ्याला मराठी वाचता येत नाही आणि त्याला यात काही वावगे दिसत नाही. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्याला बहुधा इंग्रजी टेम्प्लेटचे गुण नडले आहेत. इंग्रजी मथळे ऐटबाज दिसावेत म्हणून अशा टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधील अंतर वाढवलेले असते. तेच देवनागरीला लागू झाले की शिरोरेषा जागोजागी तुटते. मराठी मजकुरासाठी हे जादा अंतर शून्य करायला सांगा. दुसरे, ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे, अन्यथा वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. तिसरे, फाँट युनिकोड असून त्याची ठळक आवृत्ती स्वतंत्रपणे घडवलेली असावी. नाहीतर ब्राउझर अक्षरे नुसती फुगवतो आणि जोडाक्षरे बुजतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता हा फाँट विनामूल्य असून त्यात अशा अनेक जाडी मिळतात.

मराठी पानांची भाषा ‘मराठी’ म्हणून संकेतस्थळाच्या कोडमध्ये नोंदवायलाही सांगा. नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट ही नोंद पाहून हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात, आणि दृष्टिहीन ग्राहकाचे वाचक सॉफ्टवेअरही तिच्यावरूनच उच्चार ठरवते. संकेतस्थळ करणाऱ्याला तोंडी वर्णन करून हे पटणार नाही. विस्कटलेल्या मथळ्याचे फोनवरील चित्र आणि तेच शब्द छापलेली तुमच्या दुकानाची पाटी किंवा मिठाईचा खोका, अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाठवा आणि तुटलेल्या जागांवर वर्तुळे करा.