आशाताईंनी दुसऱ्यांच्या गझला पुन्हा का गायल्या?

तुम्ही विचारलंय की आशा भोसले यांनी 2005 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम आणि जगजीत सिंग यांच्या गाजलेल्या गझलांचा अल्बम काढला. एवढ्या मोठ्या गायिकेला दुसऱ्यांची गाणी पुन्हा गायची काय गरज होती, आणि त्यातलं आधी काय ऐकावं?

गरज काहीच नव्हती. 'उमराव जान'च्या गझलांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला त्याला तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती. 1983 मध्ये खुद्द गुलाम अलींबरोबर 'मेराज-ए-गझल' झाला होता, मग हरिहरनबरोबर 'आबशार-ए-गझल'. गझल गाता येते हे त्यांना कुणाला दाखवून द्यायचं नव्हतं. आवडत्या आठ रचना निवडल्या आणि गायल्या. आवडलं म्हणून गायलं, एवढं कारण मला पुरतं. ते न पुरणारी माणसं मात्र मला घरातच भेटली, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आमचे मोठे भावजी मेहदी हसन यांचे भक्त. भक्त हा शब्द मी विचार करून वापरते आहे. कॅसेटच्या जमान्यात त्यांनी आखातात नोकरी करणाऱ्या मित्रांकडून मैफलींच्या कॅसेट्स मागवल्या होत्या. त्या कपाटात कुलपात असायच्या आणि त्या लागल्या की घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही. त्यांच्यामुळेच मी या गझला पहिल्यांदा ऐकल्या, हे ऋण मी नाकारत नाही. मी शास्त्रीय शिकलेली, लग्नानंतर नाट्यपदं आणि भावगीतं गाणारी. गझलेची गोडी त्या कपाटातून लागली.

आशाताईंचा अल्बम आला तेव्हा मी सीडी आणली आणि 'आज जाने की जिद ना करो' बसवायला घेतलं. पट्टी जमवली, शब्द एका उर्दू जाणणाऱ्या मैत्रिणीकडून तपासून घेतले, कारण उच्चार चुकलेली गझल मला स्वतःलाच सहन होत नाही. कोजागिरीला गच्चीवर दरवर्षीसारखी बैठक होती. पेटीवर शेजारचे काका, तबल्यावर पुतण्या, बाकी सगळे घरचे आणि इमारतीतले. मी मुखडा घेतला, पहिली सम आली आणि भावजींनी हात वर केला. "थांब गं. हे फरीदा खानमचं आहे. त्याला कुणी हात लावू नये. आशाबाईंनीही लावायला नको होता."

काकांनी भाता मिटला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. जाऊबाई दुधाचे पेले घेऊन वर आल्या होत्या, त्या तशाच जिन्यापाशी थांबल्या. मी काही बोलले नाही. काकांना म्हटलं पट्टी तीच ठेवा, आणि 'मर्मबंधातली ठेव ही' सुरू केलं. भावजींनी पहिल्या ओळीलाच डोळे मिटले, अंतऱ्याला वाहवा दिली, संपल्यावर सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. मग मी विचारलं, "भावजी, हे कुणाचं?"

"म्हणजे काय? दीनानाथांचं."

"मी आशाताईंचं ऐकून बसवलंय."

त्यावर ते म्हणाले, "नाट्यपदाची गोष्ट वेगळी." का वेगळी, हे त्यांनी त्या रात्रीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. विषय निघाला की "तुला कळायचं नाही" एवढ्यावर थांबतात.

मला चांगलं कळतं. ते पद 'संन्यस्त खड्ग' या 1931 च्या संगीत नाटकातलं, चाल वझेबुवांची, गाजवलं मास्टर दीनानाथांनी. पुढे ते पद त्यांच्या मुलीने गायलं, आणि तिच्यासारखेच कितीतरी गायक-गायिका ते गात आले. आपल्याकडे एकाही माणसाला त्यात दीनानाथांचा अपमान दिसला नाही. उलट, जो गायक नाट्यपद गाऊन दाखवत नाही त्याच्या मैफलीत चिठ्ठी पाठवून त्याची फर्माईश होते. अख्खा महाराष्ट्र दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यातून गाण्यावर वाढलाय. मग गझलेपाशी आल्यावर अचानक सोवळं कशाला?

आणि भावजींनी ज्या गाण्यावर हात वर केला, त्याच गाण्याची गोष्ट ऐका. 'आज जाने की जिद ना करो' फैयाज हाश्मींनी लिहिलं, चाल सोहेल राना यांची, 1973 च्या 'बादल और बिजली' या पाकिस्तानी चित्रपटासाठी. पडद्यामागचा आवाज होता हबीब वली मोहम्मद यांचा. फरीदा खानम यांनी ते नंतर घेतलं आणि असं गायलं की मूळ गायकाचं नाव मागे पडलं. म्हणजे "त्याला कुणी हात लावू नये" हा नियम तेव्हा कुणी पाळला असता, तर भावजींना त्यांची फरीदा खानम मिळालीच नसती.

'रंजिश ही सही'चंही तेच. शब्द अहमद फराज यांचे, चाल निसार बज्मींची, 1972 चा 'मोहब्बत' हा चित्रपट. मेहदी हसन मैफलीत ती गाताना त्यात तालिब बागपती या दुसऱ्याच शायराचे दोन शेर जोडत, आणि ऐकणाऱ्याला ते फराज यांचेच वाटतात. रुना लैलांनीही ती गायली, तीही लोकांनी डोक्यावर घेतली. जिला आपण एका माणसाची मालमत्ता समजतो, ती गझल आधीच इतक्या हातांतून गेलेली आहे.

आता अल्बमबद्दल माझं मत. संयोजन सोमेश माथुर यांचं आहे आणि तरुणांना आवडावं म्हणून मुद्दाम आधुनिक ध्वनी वापरले आहेत, पारंपरिक तबला-सारंगी बाजूला ठेवून. हे मला अजिबात पटलेलं नाही. गझल गाणाऱ्याला ठेक्याची गादी लागते, तिच्यावर बसूनच शब्दाशी खेळता येतं. ती काढून घेतली तर गायक उभ्या उभ्या गातो. भावजींनी यावर बोट ठेवलं असतं तर मी त्यांच्या बाजूने बोलले असते. पण त्यांचा आक्षेप कधी वाद्यांवर नव्हता, गाणाऱ्या बाईवर होता.

गाण्यावर मात्र मी खूश आहे. मेहदी हसन एकच ओळ बैठकीत वेगवेगळ्या वाटांनी नेतात, रागाचा एकेक पदर उलगडतात. आशाताई तिथे स्पर्धा करत नाहीत. त्या चित्रपटगीतांतून आल्या आहेत, शब्द ही त्यांची पहिली निष्ठा. 'उमराव जान'च्या वेळी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं होतं आणि त्यातून त्यांच्या आवाजाचा एक वेगळाच पोत लोकांना कळला. सत्तरीनंतर आवाज पूर्वीइतका चपळ राहत नाही, हे खरं. पण जो ठहराव येतो तो गझलेला हवाच असतो. 2005 मध्येच क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्यवादकांच्या चमूबरोबर त्यांनी आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. तिथे तर स्वतःचीच जुनी गाणी पुन्हा गायल्या. लताबाईंनी 1992 मध्ये 'श्रद्धांजली'त सैगल, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी गायली होती. तीही भावजींना चालत नाहीत, पण लताबाईंचं नाव घेताना आवाज जरा खाली येतो.

काय ऐकावं? जगजीत सिंग यांची 'आहिस्ता आहिस्ता' आधी ऐका, अमीर मीनाईंची. मग 'मुझे तुम नजर से गिरा तो रहे हो'. 'आवारगी' मी सोडून देते, कारण त्यात गुलाम अलींच्या हरकती, म्हणजे गाताना घेतलेल्या सुरांच्या छोट्या फिरक्या, हेच गाणं आहे.

एक सांगायचं राहिलं. मी कुणाच्याही नकलेची बाजू घेत नाहीये. नव्वदच्या दशकात मूळ गायकाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून निघालेल्या स्वस्त कॅसेट्स मला तेव्हाही आवडत नव्हत्या. आणि स्वतः असा अल्बम काढायचा विचार असेल तर 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलम 31-सी आहे ते वाचा: मूळ ध्वनिमुद्रण झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, आधी कळवून हक्कधारकांना रॉयल्टी द्यावी लागते, आणि मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. घरच्या गच्चीवर गायला यातलं काहीच लागत नाही, तिथे परवानगी फक्त भावजींची लागते असं त्यांना वाटतं.

मूळ आधी ऐकावं, हा त्यांचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे. मेहदी हसन ऐकल्याशिवाय 'रंजिश' गायला बसू नका. ऐकून झाल्यावर मात्र कुणाला विचारत बसू नका. माझी भाची सध्या माझ्याकडे तीच गझल बसवतेय. आशाताईंची पट्टी तिच्या गळ्याला खाली पडते, म्हणून आम्ही दोन सूर वर घेतली आहे.