बोअरच्या पाण्याला कोणता सोलर हीटर घ्यावा?
घरात चार माणसं, पाणी बोअरचं. मग काचेच्या नळ्यांचा सोलर घ्यावा की तांब्याच्या पॅनेलचा, असं तुम्ही विचारलंय. पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांचाच घ्या. तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात आणि हळूहळू पाणी कोमट यायला लागतं. आमच्याकडे तेच झालं. प्लंबरने नळी कापून दाखवली, आत चुन्यासारखा पांढरा थर, मधे जेमतेम काडी जाईल एवढं भोक! क्षार काचेच्या नळ्यांतही साचतात, पण त्या रुंद असतात, काढून धुता येतात. चौघांना १०० ते १५० लिटर पुरे. तोंड दक्षिणेला, सावली अजिबात नको. टाकी बाथरूमच्या जवळात जवळ बसवा, पाइप लांबला की रोज सकाळी आधी अर्धी बादली गारच येते.