गल्ली दीड मीटरची, ढाळ दोनशेला एक

प्रश्न : आमच्या संस्थेने एका जुन्या अनधिकृत वस्तीची मोजणी केली. गल्ल्या जेमतेम दीड मीटर रुंद आहेत. अभियंते म्हणतात, रस्ता रुंद झाल्याशिवाय मलवाहिनी टाकता येणार नाही. रुंद करायचा तर पुष्कळ घरे पाडावी लागतील. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे. अभियंते चुकीचे सांगत नाहीत, पण त्यांची नियमावली वाहनांच्या रस्त्यासाठी लिहिलेली आहे. वरून ट्रक जाणार म्हणून वाहिनी खोल, खोल म्हणून माणूस उतरेल एवढे मॅनहोल. तुमच्या गल्लीत हातगाडी फिरली तरी पुष्कळ. तिथे हा सगळा खटाटोप कशाला? ब्राझीलमधल्या नाताल शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाट वस्त्यांमध्ये उथळ, बारीक वाहिन्या टाकल्या गेल्या आणि ही पद्धत रुळली.

१०० मिलिमीटर व्यासाचा पाइप दोनशेला एक ढाळाने टाकला, तर साधारण दोनशे घरांचे सांडपाणी वाहून नेतो. दोनशेला एक म्हणजे मीटरमागे ५ मिलिमीटर. गल्ली ६० मीटर असेल तर एकूण उतार ३० सेंटिमीटर. वरच्या टोकाला ४० सेंटिमीटर खोली धरली, तर खालच्या टोकाला ७०. (जमीन सपाट आहे असे धरून.) पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून काढता येते, नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप फसते, आणि एवढ्या कमी ढाळात एखादा सेंटिमीटरही महागात पडतो.

खोदाई नेहमी खालच्या टोकाकडून सुरू करा. वाहिनी ज्या मुख्य वाहिनीला मिळणार तिची पातळी आधी मोजा. ती उंच निघाली तर वरचे सगळे काम वाया जाते. बहुतेक योजना इथेच फसतात. चर एका वेळी तीन-चार मीटरच उघडा आणि त्याच दिवशी बुजवा, कारण अशा घरांचे पाये उथळ असतात आणि उघड्या चराशेजारची भिंत पावसात खचते. प्रत्येक वळणावर आणि जोडणीवर हात घालून साफ करता येईल असा छोटा चेंबर हवा. घरातले पाणी वाहिनीत जाण्याआधी जाळी आणि गाळाची छोटी टाकी हवीच. भांडी घासायची राख-वाळू आणि तेलकट गाळ यांनीच पाइप तुंबतो. पावसाचे पाणी यात सोडू नका, त्याला वेगळी उघडी पन्हळ द्या. पिण्याच्या पाण्याचा पाइप त्याच चरात तर मुळीच नको: पुरवठा बंद असताना नळात पोकळी होते आणि गळक्या सांध्यातून मैला आत ओढला जातो.

काँक्रीट सगळ्यात शेवटी. आणि जुना थर उखडून. थरावर थर चढवत गेले की गल्ली उंच होते, जोती खाली राहतात आणि पहिल्याच पावसात पाणी घरात शिरते.

पैशांच्या वाटणीसाठी कराचीतल्या ओरंगी या अनधिकृत वस्तीचे उदाहरण पाहा. १९८० मध्ये समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी तिथे सुरू केलेल्या कामात घरातला संडास, गल्लीतली वाहिनी आणि तिला जोडणारी उपवाहिनी रहिवाशांनी स्वखर्चाने केली. मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारचे. गल्लीचा हिशेब गल्लीकडेच राहिला.

प्रश्न : मग एकही घर हलवायचे नाही? आग लागली तर बंब कुठून येणार?

उत्तर : काही घरे हलवावी लागतील. बंबाला साधारण साडेतीन-चार मीटर वाट लागते. पण ती प्रत्येक गल्लीत कशाला? वस्तीच्या आरपार जाणारी एक-दोन वाटा रुंद करा आणि कुठलेही घर त्या वाटेपासून बंबाच्या नळीच्या पल्ल्यात आहे का, हे नकाशावर गल्लीच्या वळणांसकट मोजा, सरळ रेषेत नाही. त्या वाटेवरच्या कुटुंबांची नवी घरे त्याच वस्तीत आधी उभी राहिली पाहिजेत, पाडकाम त्यानंतर. क्रम उलटला तर कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात अडकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बघता बघता नव्या झोपड्या उभ्या राहतात.